प्रकाशाने बदलणारी चिप

एफपीजीएच्या प्रॅक्टिकलला आणि व्हायवाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "बोर्ड बंद करून परत चालू केला, तर तुमचा प्रोग्राम कुठे जातो?" बरेच जण "मेमरीत राहतो" असे ठोकून देतात. मग पुढचा प्रश्न येतो, "कोणत्या मेमरीत?" आणि इथे गाडी अडते. या साध्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधत गेलो की आपण थेट लेसर, होलोग्राम आणि फुकुशिमाच्या अणुभट्टीपर्यंत जाऊन पोहोचतो. मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी मी हाच विषय घेतला. तो सर्वांना समजेल अशा भाषेत, म्हणजे मेकॅनिकल, सिव्हिलच्या मित्रांना आणि ऑफिसमधल्या मंडळींनासुद्धा कळेल असा, इथे मांडतो आहे.

एफपीजीए म्हणजे काय?

साधी चिप कारखान्यात एकदा तयार झाली की तिचे काम ठरून जाते. घड्याळाची चिप घड्याळच चालवणार. मायक्रोप्रोसेसरचे थोडे वेगळे आहे. त्याचे सर्किट तेच राहते, फक्त त्याला द्यायच्या सूचना आपण बदलतो. एफपीजीए मात्र तिसऱ्याच जातीची चिप आहे. तिच्यात सर्किटच बदलता येते. आज ॲडर, उद्या ट्रॅफिक सिग्नल, परवा व्हिडिओ फिल्टर. १९८५ साली झायलिंक्स कंपनीने एक्ससी २०६४ ही चिप बाजारात आणली. या कल्पनेमागे रॉस फ्रीमन हा इंजिनिअर होता. पहिल्या चिपमध्ये फक्त ६४ लॉजिक ब्लॉक होते. पुढे २०२२ साली ही कंपनी एएमडीने विकत घेतली.

सर्किट बदलते म्हणजे आत तारा हलतात का? मुळीच नाही. आत असतात छोटे छोटे तक्ते. त्यांना लुक-अप टेबल म्हणतात. ही गोष्ट पुस्तकातल्या आकृतीपेक्षा आपल्या होस्टेलच्या पाण्याच्या मोटरवरून लवकर समजेल.

होस्टेलची मोटर आणि १६ घरे

समजा मोटर आपोआप चालू-बंद व्हायला हवी. चार गोष्टी बघायच्या आहेत. अ म्हणजे वरची टाकी रिकामी आहे. ब म्हणजे खालच्या हौदात पाणी आहे. क म्हणजे व्होल्टेज बरोबर आहे. ड म्हणजे वॉर्डन सरांच्या खोलीतले बटण दाबलेले आहे. टाकी धुवायची असेल तर ती भरलेली असतानाही मोटर चालवावी लागते, त्यासाठी हे बटण. नियम असा की हौदात पाणी हवेच, व्होल्टेज हवेच, आणि शिवाय टाकी तरी रिकामी हवी किंवा बटण तरी दाबलेले हवे.

चार गोष्टी, प्रत्येक हो किंवा नाही. म्हणजे एकूण १६ शक्यता. त्यांना ० ते १५ असे नंबर देऊ. अ ची किंमत ८, ब ची ४, क ची २ आणि ड ची १. जी गोष्ट 'हो' असेल तिची किंमत मिळवत जायची. ब आणि क हवेतच, म्हणजे ६ झाले. त्यात फक्त ड मिळवला तर ७, फक्त अ मिळवला तर १४, दोन्ही मिळवले तर १५. याचा अर्थ १६ घरांपैकी ७, १४ आणि १५ या तीन घरांत १ लिहायचा, बाकी १३ घरांत ०. झाले सर्किट! एकही गेट जोडले नाही. चार वायर आत येतात, त्या घराचा नंबर सांगतात, आणि त्या घरात जे लिहिले असेल ते बाहेर येते.

आता गंमत बघा. रात्री कोणी चुकून बटण दाबले आणि टाकी वाहू लागली तर पाणी वाया जाते. म्हणून रात्रीचा नियम वेगळा ठेवू, रात्री बटणाकडे लक्षच द्यायचे नाही. मग १ फक्त १४ आणि १५ या घरांत राहील. दिवसाच्या सर्किटचे रात्रीचे सर्किट करायला आपण किती गोष्टी बदलल्या? फक्त ७ नंबरच्या घरातला १ पुसून ० केला. एफपीजीएमधला 'बदल' म्हणजे एवढेच. १६ घरांचा एक तक्ता २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळी कामे करू शकतो. असे हजारो तक्ते आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे स्विच एका चिपमध्ये असतात. त्या सगळ्या घरांतले ० आणि १ एका ओळीत मांडले की तयार होते ती बिटस्ट्रीम फाईल.

आता व्हायवाच्या प्रश्नाचे उत्तर. बहुतेक एफपीजीएमध्ये ही घरे एसरॅम मेमरीची असतात. वीज गेली की एसरॅम सगळे विसरते. ज्यांनी भारनियमनाचे दिवस पाहिले आहेत, त्यांना वीज गेल्यावर काय काय थांबते हे वेगळे सांगायला नको. म्हणून बोर्डवर शेजारी एक फ्लॅश मेमरी ठेवतात. वीज आली की एफपीजीए तिथून आपला प्रोग्राम पुन्हा वाचून घेते. तुम्ही फ्लॅशमध्ये फाईल टाकलीच नसेल, तर बोर्ड कोराच राहणार. माझा उमरखेडचा रूममेट हे ऐकून म्हणाला, "म्हणजे रोज सकाळी उठून आपलंच नाव पाठ करायचं का बे तिने?" अगदी तसेच आहे.

अडचण कुठे आहे?

आपल्याकडच्या अनेक लॅबमध्ये स्पार्टन-३ई मालिकेचा बोर्ड असतो. त्यावरच्या एक्ससी३एस५००ई या चिपची बिटस्ट्रीम २२,७०,२०८ बिटची आहे. एका वेळी एक बिट या पद्धतीने, ५० मेगाहर्ट्झच्या वेगाने ती भरली, तर सुमारे ४५ मिलिसेकंद लागतात. तुम्ही म्हणाल, डोळ्याची पापणी लवायच्या आतच झाले की! आपल्यासाठी हो. पण त्या चिपचे घड्याळ तेवढ्या वेळात २२ लाखांहून जास्त वेळा टिकटिकलेले असते. म्हणजे काम चालू असताना सर्किट बदलायचे म्हटले, तर एवढे ठोके चिपने नुसते बसून काढायचे.

वेगाने बदलता आले तर काय होईल? एकच छोटी चिप एका क्षणी एक सर्किट बनेल, पुढच्या क्षणी दुसरे. कॅमेऱ्यासमोरची वस्तू ओळखायची असेल, तर शेकडो नमुन्यांशी तुलना करणारी शेकडो सर्किटे एकाच जागेत पाळीपाळीने बसवता येतील. आपल्या मेससारखे आहे हे. टेबले मोजकीच, पण पंगती पटापट उठल्या तर सगळे होस्टेल जेवते. एक पंगत उठायलाच तास लागला तर मात्र रांग दारापर्यंत जाते.

यावर आधीपासून उपाय चालू आहेत. एका वेळी ८, १६, ३२ बिट भरता येतात. चिपचा फक्त एक भाग बदलता येतो, त्याला पार्शियल रिकॉन्फिगरेशन म्हणतात. तरीही अडचणीचे मूळ कायम राहते. लाखो बिट मोजक्या पिनांच्या दारातून आत जायचे असतात. दार रुंद केले तरी दारच ते.

मग काही संशोधकांनी विचार केला की दारातून जायचेच कशाला? छतच उघडे ठेवू आणि वरून प्रकाश पाडू. प्रत्येक घराजवळ एक छोटा फोटोडायोड ठेवायचा. ज्या घरात १ हवा तिथे उजेड, ० हवा तिथे अंधार. सगळी घरे एकाच वेळी भरली जातील. पण असे लाखो ठिपक्यांचे चित्र, तेही अनेक, ठेवायचे कुठे? इथे होलोग्राम कामाला येतो.

होलोग्राम म्हणजे नुसते चकाकते स्टिकर नव्हे

एटीएम कार्डावरचे चकाकते चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तो होलोग्रामचा सर्वांत साधा प्रकार. होलोग्रामची कल्पना डेनिस गॅबर या शास्त्रज्ञाने १९४७-४८ च्या सुमारास मांडली. त्याबद्दल त्यांना १९७१ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. गॅबर यांच्याजवळ लेसर नव्हता. तो १९६० साली आला, आणि मग हा विषय खऱ्या अर्थाने पुढे सरकला.

साध्या फोटोत फिल्मच्या प्रत्येक ठिकाणी किती उजेड पडला एवढेच नोंदले जाते. होलोग्राममध्ये लेसरचा किरण दोन भागांत विभागतात. एक भाग वस्तूवरून येतो, दुसरा थेट येतो. थेट येणाऱ्या किरणाला संदर्भ किरण म्हणू. दोन्ही भाग फिल्मवर भेटतात. तलावात दोन दगड टाकले की लाटा एकमेकींत मिसळून जी नक्षी बनते, तशी प्रकाशाची अतिशय बारीक नक्षी तिथे तयार होते. ती नोंदली जाते. नंतर तोच संदर्भ किरण त्याच कोनातून टाकला की नक्षीवरून प्रकाश असा वळतो, की जणू मूळ वस्तूवरूनच येतो आहे. आपल्या बाबतीत ही 'वस्तू' म्हणजे उजेड-अंधाराच्या ठिपक्यांचे पान.

यात आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, माध्यम जाड असेल तर संदर्भ किरणाचा कोन बदलून त्याच जागेत दुसरे पान, तिसरे पान नोंदवता येते. ज्या कोनाने नोंदवले त्याच कोनाने ते पान उघडते, इतर पाने गप्प राहतात. पीटर व्हॅन हीर्डन यांनी १९६३ साली अशा साठवणुकीची मर्यादा मांडली. ढोबळ हिशेब असा की आकारमानाला तरंगलांबीच्या घनाने भागायचे. ०.५ मायक्रॉनचा प्रकाश आणि १ घन सेंटिमीटरचा तुकडा धरला, तर उत्तर येते ८ लाख कोटी बिट, म्हणजे सुमारे १ टेराबाइट. साखरेच्या मोठ्या खड्याएवढ्या तुकड्यात! ही कागदावरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात त्याचा छोटासा अंशच हाती लागतो. पण चिपच्या कामाला तोही भरपूर आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. होलोग्रामवर एखाद्या बिटचे 'घर' नसते. प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश सगळ्या पृष्ठभागावर पसरून नोंदला जातो. त्यामुळे होलोग्रामचा एखादा कोपरा खराब झाला, तरी एखादा बिट नेमका पुसला जात नाही. सगळे चित्र थोडे मंद आणि धूसर होते, एवढेच. आणि आपल्याला चित्राचे सौंदर्य नको आहे, फक्त उजेड की अंधार हे हवे आहे. मंद उजेडही अंधारापेक्षा उजळच असतो. म्हणून बरेच नुकसान होऊनही वाचन बरोबर येते.

लेसर, होलोग्राम आणि चिप

या तीन गोष्टी एकत्र केल्या की तयार होते ऑप्टिकली रिकॉन्फिगरेबल गेट ॲरे, थोडक्यात ओआरजीए. वर छोट्या लेसरांची रांग, मध्ये होलोग्राम, खाली फोटोडायोड असलेली गेट ॲरे चिप. पहिला लेसर लावला की पहिले सर्किट, दुसरा लावला की दुसरे. आपल्या मोटरच्या भाषेत सांगायचे तर एक लेसर दिवसाचा, एक रात्रीचा.

अमेरिकेत कॅलटेक संस्थेत देमेत्री साल्टिस यांच्या गटाने २००० सालच्या आसपास या दिशेने काम केले. जपानमध्ये मिनोरू वातानाबे हे २००० नंतर सातत्याने या विषयावर काम करत आले आहेत. २००५ साली त्यांनी फुमिनोरी कोबायाशी यांच्यासोबत नेहमीच्या ०.३५ मायक्रॉन सीमॉस तंत्राने १६,००० गेटची अशी चिप मांडली. त्यांची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. प्रत्येक घराला वेगळी मेमरी देण्याऐवजी फोटोडायोडच्या स्वतःच्या कपॅसिटन्सवरच बिट साठवायचा. जागा वाचते, गेट जास्त बसतात. मात्र हा चार्ज हळूहळू गळतो, म्हणून ठरावीक वेळाने पुन्हा प्रकाश द्यावा लागतो. आपल्या डीरॅमच्या रिफ्रेशसारखेच. या पद्धतीत बदलाचा वेळ नॅनोसेकंदांत आणता येतो. १० नॅनोसेकंद धरले, तर वरच्या ४५ मिलिसेकंदांच्या मानाने ती सुमारे ४५ लाख पट झेप झाली.

किरणोत्सर्ग आणि रोबो

केवळ वेगासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटू शकते. खरा प्रश्न जीवनमरणाच्या जागी येतो. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, आणि फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांत इंधन वितळले. तिथे आत माणूस जाऊ शकत नाही, रोबोच पाठवावे लागतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये दुसऱ्या भट्टीत साफसफाईसाठी पाठवलेला रोबो साधारण दोन तासांत परत काढावा लागला, कारण किरणोत्सर्गाने त्याच्या कॅमेऱ्याचे चित्र काळवंडू लागले होते.

किरणोत्सर्ग चिपचे दोन प्रकारे नुकसान करतो. एखादा कण एसरॅमच्या घरावर आदळून १ चा ० करतो. साध्या मेमरीत यामुळे एखादा आकडा चुकतो, पण एफपीजीएमध्ये सर्किटच बदलते. ७ नंबरचे घर पालटले तर आपली मोटर रात्री धावू लागेल, आठवते ना? दुसरे म्हणजे, दीर्घकाळ मारा झाला की ट्रान्झिस्टरच कायमचे बिघडतात. नेहमीच्या एफपीजीएमध्ये बिट एकामागोमाग एकाच वाटेने भरतात. ती वाट तुटली तर सगळी चिप निकामी. ओआरजीएमध्ये प्रत्येक घराची वाट वेगळी, वरून येणारी. काही गेट मेले तर ते वगळून उरलेल्यांत सर्किट मांडता येते. बिट पालटला तर पुढच्या प्रकाशात तो दुरुस्त होतो. आणि होलोग्राम तर मार खाऊनही टिकणारा. म्हणूनच वातानाबे यांच्या गटाने पुढे किरणोत्सर्ग सहन करणाऱ्या चिप या बाजूवर भर दिला. महाराष्ट्रात तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ पासून आहे. त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

आपल्याकडे, खोडदला

प्रकाश आणि बदलती चिप एकाच ठिकाणी काम करताना पाहायची असतील, तर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जायला हवे. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरमधून, म्हणजे प्रकाशावर स्वार होऊन, मध्यवर्ती इमारतीत येतात. २०१० च्या दशकात दुर्बीण सुधारली तेव्हा तिथे एफपीजीए बोर्ड आणि ग्राफिक्स प्रोसेसर मिळून काम करू लागले, आणि एका वेळी पाहता येणारा पट्टा सुमारे ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला.

फरक लक्षात घ्या. खोडदला प्रकाश माहिती आणतो, पण एफपीजीएला सर्किट विजेनेच सांगितले जाते. ओआरजीएमध्ये सर्किटच प्रकाशाने सांगितले जाते.

मग बाजारात का नाही?

सेमिनारमध्ये सरांनी हाच प्रश्न विचारला, आणि तो योग्यच होता. लेसर, होलोग्राम आणि चिप यांची रेषा मायक्रॉनच्या हिशेबात जुळावी लागते. धक्का लागला, तापमान बदलले की ठिपके सरकतात. यवतमाळचा मे महिना आठवा, ४५ अंशांत माणूस सरकतो तर ठिपक्याचे काय! फोटोडायोड चिपवर जागा खातात. होलोग्राम वाचायला झटपट, पण लिहायला किचकट. आणि दरम्यान साधे एफपीजीए इतके मोठे आणि स्वस्त झाले, की बहुतेकांना सर्किट बदलण्याऐवजी सगळी सर्किटे एकदमच बसवणे परवडते. होलोग्राफिक साठवणुकीचा धंदाही सोपा नाही. इनफेज ही कंपनी बेल लॅब्जमधून २००० साली निघाली आणि २०१० साली बंद पडली. म्हणून ही चिप उद्या मोबाइलमध्ये येईल असे मी म्हणणार नाही. जिथे दुरुस्तीला माणूस जाऊ शकत नाही, तिथेच तिची खरी जागा आहे.

पाचशे रुपयांच्या आतला प्रयोग

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फायनल इयरचा प्रोजेक्ट बाहेरून रेडिमेड आणायची पद्धत वाढली आहे. पैसे मोजायचे, डबा आणायचा, व्हायवाला पाठ केलेले बोलायचे. वडिलांनी कापूस विकून पाठवलेले पैसे असे जातात, आणि हातात येते ते न उघडलेले खोके. त्याऐवजी हे करून बघा.

१६ एलडीआर घ्या आणि ४ गुणिले ४ अशा चौकोनात बसवा. सगळ्यांचे एक टोक ५ व्होल्टला जोडा. दुसरी टोके सीडी ४०६७ या १६ चॅनेलच्या मल्टिप्लेक्सरला ० ते १५ या क्रमाने द्या. त्याच्या कॉमन पिनपासून ग्राउंडला एक १० किलोओहमचा रेझिस्टर जोडा, आणि तीच पिन एका कंपॅरेटरच्या प्लस इनपुटला द्या. मायनस इनपुटला पोटेन्शिओमीटरने उंबरठा ठरवा. मल्टिप्लेक्सरच्या चार ॲड्रेस पिना म्हणजे आपले अ, ब, क, ड. अ ला सर्वांत मोठी किंमत द्यायची हे विसरू नका. मोटरच्या जागी एलईडी लावा, २३० व्होल्टच्या नादी लागू नका.

वर काळ्या पुठ्ठ्याचे कार्ड ठेवा. ७, १४ आणि १५ वर भोके पाडा, वरून टेबल लॅम्पचा उजेड पाडा. दिवसाचे सर्किट तयार! ७ नंबरवर भोक नसलेले दुसरे कार्ड ठेवा. रात्रीचे सर्किट तयार. एकही वायर न हलवता तुम्ही प्रकाशाने सर्किट बदलले. एलडीआर मंद असतात, त्यामुळे नॅनोसेकंद वगैरे विसरा, पण तत्त्व अगदी तेच आहे. मग कार्डाचे १४ नंबरचे भोक बोटाने झाका. बटण न दाबता टाकी रिकामी झाली तर मोटर चालायला हवी, पण आता ती चालणार नाही. एक भोक गेले की एक बिट गेला. पुठ्ठ्याचे कार्ड आणि होलोग्राम यांतला फरक इथे स्वतःच्या बोटाखाली कळतो.

हे सर्किट लहान आहे, पण ते तुमचे असेल. त्यातला प्रत्येक ठिपका कुठून आला हे तुम्हाला सांगता येईल. एक्स्टर्नल सरांनी कुठलाही प्रश्न विचारला, तरी पाठांतराकडे धावावे लागणार नाही. ज्या कोणाला करून बघायचे असेल त्यांनी जरूर सांगावे, माझ्याकडची दोन्ही कार्डे मी आनंदाने देईन. तिसरे कार्ड मात्र तुम्ही स्वतः, तुमच्या स्वतःच्या नियमासाठी पाडा.